वरातीची तारीख वेगळी, गाडीची तारीख वेगळी

प्रश्न : नमस्कार. आम्ही तासगाव तालुक्यातले. नऊ एकर द्राक्षबाग आहे, त्यातला बराच माल बेदाण्याला जातो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं, दोन मुलं आणि धाकटे दीर असे सात जण. दारात २०१४ ची बोलेरो आहे. तुळशीच्या लग्नानंतर दिरांचं लग्न ठरलंय आणि नवी नवरी नव्या गाडीतूनच घरी यावी, असं सासऱ्यांच्या मनात आहे. बजेट ऑन-रोड २५ लाख. ह्यांना स्कॉर्पिओ-एन हवी, दिरांना सफारी, आणि सासरे म्हणतात इनोव्हाशिवाय दुसरी गाडी दारात नको. रोज जेवताना हाच विषय. टॉप मॉडेलला एका शोरूमने पाच महिन्यांचं वेटिंग सांगितलं. तिथल्याच एका ओळखीच्या माणसाने ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, दीड लाख वर रोख द्या, पंधरा दिवसांत गाडी दारात. बोलेरोही आत्ताच जमा करा म्हणतो, म्हणजे एक्स्चेंजचा भाव पक्का होईल. बेदाण्याच्या व्यापारासाठी आम्ही छोटी प्रायव्हेट लिमिटेड काढली आहे. गाडी तिच्या नावावर घ्या, टॅक्स वाचेल, असंही कुणी सुचवलं. वरचे पैसे ऑक्टोबर छाटणीसाठी ठेवलेल्यातून काढावे लागतील. मला हे काही पटत नाही, पण गाडीतलं मला काय कळतं म्हणून मी गप्प आहे. काय करावं?
— एक वाचक, ता. तासगाव, जि. सांगली

उत्तर : ताई, गप्प राहू नका. तुम्हाला जे जे पटलेलं नाही, ते ते न पटण्यासारखंच आहे. दीड लाख देऊ नका, बोलेरो आत्ता देऊ नका, गाडी कंपनीच्या नावावर घेऊ नका आणि छाटणीच्या पैशाला हात लावू नका. का, ते आता सविस्तर सांगते, कारण घरात बोलायचं तर हातात कारणं हवीत.

पाच महिने वेटिंग असलेली गाडी पंधरा दिवसांत येते कुठून? तीनच वाटा आहेत. कुणाचं तरी बुकिंग रद्द झालेलं असतं आणि ती गाडी मोकळी होते. किंवा तुम्हाला हवा तो रंग नाही, ते मॉडेल नाही, पण त्याच्या जवळपासची एक गाडी यार्डात उभी असते. किंवा मग रांगेत तुमच्या पुढे असलेल्या एखाद्या माणसाची गाडी तुमच्याकडे वळवली जाते. पहिल्या दोन वाटांनी गाडी येत असेल तर त्यासाठी वरचे पैसे लागतच नाहीत. ती कुणाला तरी द्यायचीच असते. तिसऱ्या वाटेने येत असेल तर आज तुम्ही दुसऱ्याची गाडी घेताय आणि उद्या कुणी दोन लाख दिले की तुमची जाईल. शिवाय त्या दीड लाखाची पावती मिळणार नाही. गाडी नाही आली तर ग्राहक आयोगात दाखवायला तुमच्याकडे काय असेल? बाजूला घेऊन बोललेला शब्द?

त्या माणसाला ह्यांनी एवढंच म्हणावं : कॅन्सल झालेली किंवा स्टॉकमधली गाडी असेल तर शोरूमच्या लेटरहेडवर कोटेशन द्या, त्यात जी रक्कम असेल ती सगळी बँकेतून देतो. गाडी खरोखर असेल तर कोटेशन येईल. सत्तर-ऐंशीच्या दशकात बजाज चेतकला वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागायचं आणि ज्याला घाई तो ‘ऑन’, म्हणजे वरचे पैसे, देऊन स्कूटर उचलायचा. तुमच्या सासऱ्यांनी तो काळ पाहिलेला असणार. त्यांना हे पटवायला वेळ लागणार नाही.

आता मूळ गाठ. ही सगळी घाई गाडीची नाही, वरातीची आहे. लग्नाची तारीख ठरलेली आहे आणि ती हलणार नाही. गाडीची तारीख कुणाच्याच हातात नाही, शोरूमच्याही नाही. ह्या दोन तारखा एकमेकींना बांधल्या की जो कुणी गाडी लवकर देतो म्हणेल त्याच्या हातात तुम्ही सापडता, मग तो पैसे मागेल तेवढे द्यावे लागतात आणि देईल तो रंग, देईल ते मॉडेल गोड मानून घ्यावं लागतं. म्हणून ही गाठ आधी सोडवा. वरातीला दोन दिवसांसाठी चांगली गाडी भाड्याने घ्या. सांगली-मिरजेत लग्नासाठी सजवून चालकासह गाडी मिळते आणि तो खर्च त्या दीड लाखाच्या जवळपासही जात नाही. मात्र लग्नसराईत ह्या गाड्याही आधीच ठरून जातात, तेव्हा तारीख आजच सांगून ठेवा. सासऱ्यांची इच्छा मोडायची नाही. त्यांना असं सुचवून पाहा, की नवी गाडी येईल तेव्हा तिची पहिली पूजा नव्या सुनेच्या हातून करू. तोपर्यंत ती घरची झालेली असेल आणि गाडी तिच्या पायगुणाने आली म्हणायला सगळे मोकळे.

एवढं ठरलं की पाच महिन्यांचं वेटिंग भीती घालत नाही. मग ते कमी कसं करायचं ते बघता येतं, आणि ते करता येतं.

त्यासाठी गाड्या अडतात कशाने हे थोडं समजून घ्या. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गाड्यांच्या कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या, चिपच्या कारखान्यांनी तो माल लॅपटॉप-मोबाइलवाल्यांना दिला, आणि मागणी परत आली तेव्हा गाडीवाले रांगेत शेवटी उभे राहिले. त्यात मार्च २०२१ मध्ये जपानमधल्या रेनेसास कंपनीच्या नाका इथल्या कारखान्याला आग लागली. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ खनिजं आणि त्यांपासून होणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. ही चुंबकं हायब्रिड, म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या, गाडीच्या मोटरपासून पॉवर स्टिअरिंगपर्यंत सगळीकडे लागतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये नेदरलँड्समधल्या नेक्स्पेरिया कंपनीच्या ताब्यावरून वाद झाला आणि पुन्हा चिप अडल्या. दर वेळी अडणारा भाग वेगळा. पण एक गोष्ट बहुतेकदा खरी ठरते : ज्या मॉडेलमध्ये इलेक्ट्रॉनिक्स जास्त, ते अडण्याची शक्यता जास्त. कॅमेरे, रडार, गार हवा देणाऱ्या सीट, मोठं सनरूफ, हे सगळं टॉप मॉडेलमध्ये असतं आणि टॉप मॉडेल मागणारेही जास्त असतात.

म्हणून शोरूममध्ये जाऊन नुसतं ‘वेटिंग किती’ असं विचारू नका. प्रत्येक मॉडेलचं, इंजिनाचं, मॅन्युअल-ऑटोमॅटिकचं आणि रंगाचं वेगवेगळं विचारा. टॉपच्या खालचं मॉडेल, किंवा जो रंग कमी लोक मागतात तो, अनेकदा बराच लवकर मिळतो. तुमच्या घरात काय नसलं तरी चालेल ह्याची यादी करा. सनरूफ नसेल तर मुलं चार दिवस रुसतील. एअरबॅग, मागच्या रांगेपर्यंत पोचणारा एसी आणि मागचा कॅमेरा मात्र सोडू नका.

हे तासगावला बसून फोनवर होत नाही. सांगलीबरोबर कोल्हापूर, कऱ्हाड आणि साताऱ्याच्या शोरूममध्येही विचारा. प्रत्येक शोरूमला कंपनीकडून येणाऱ्या गाड्या वेगळ्या असतात. फक्त सांगलीचं, म्हणजे एमएच-१० चं, पासिंग ते करून देणार का, हे बुकिंगच्या आधी विचारून घ्या.

आता ती जेवणाच्या ताटावरची भांडणं. गाडी अजून बाजारातच आहे आणि घरात तिच्यावरून भांडण चालू आहे, पण तिघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे. प्रश्न गाडी कुठली चांगली हा नाही, तुमची बोलेरो राहणार की जाणार हा आहे. मला वाटतं, सगळा निर्णय ह्यावर फिरतो.

बोलेरो जाणार असेल तर नव्या गाडीलाच बागेत जावं लागणार. औषधांचे कॅन, क्रेट, कधी बेदाणा शेडवरची माणसं, आणि पावसाळ्यात चिखलाचा रस्ता. त्या कामाला स्कॉर्पिओ-एन बरी. तिची बॉडी वेगळ्या चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, बसवलेली आहे, इंजिनाचा जोर मागच्या चाकांना जातो, आणि डिझेलच्या काही मॉडेलमध्ये चारही चाकांना जोर देता येतो. पण ती चार चाकांची सोय खरंच लागणार का, हे ह्यांनी प्रामाणिकपणे सांगावं. बागेपर्यंत मुरमाड रस्ता असेल तर लागत नाही. काळ्या रानातून जात असाल तर पावसाळ्यात लागेल. नुसत्या हौसेसाठी घेतलीत तर पैसेही जास्त आणि बहुधा थांबायचंही जास्त.

बोलेरो राहणार असेल, आणि ती ठेवावी असंच माझं मत आहे, तर नवी गाडी फक्त माणसांसाठी. मग स्कॉर्पिओचा मोठा गुण तुमच्या उपयोगाचा उरत नाही आणि तिची उणीव पुढे येते : शेवटच्या रांगेत माणसं बसवली की मागे सामानाला जागाच राहत नाही म्हणा. सफारीतही सातही जण बसले तर दोन-तीन पिशव्यांपुरतीच जागा उरते, पण आत बसायला ती ऐसपैस आहे, आणि ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत स्कॉर्पिओ-एनप्रमाणे तिलाही पाच तारे आहेत. इनोव्हा हायक्रॉसमध्ये सातही सीट भरल्यावर साधारण ३०० लिटर सामान बसतं, म्हणजे सात जणांच्या दोन दिवसांच्या बॅगा. ती एसयूव्ही म्हणून विकली जात नाही, दिरांना ती रुबाबदार वाटणार नाही, पण सात माणसांच्या घराला ती सगळ्यांत जवळची. हायब्रिड तुमच्या २५ लाखांत बसणार नाही, साधं पेट्रोल बसेल. तेव्हा माझं मत सासऱ्यांच्या बाजूने. दिरांनी फारच धरून ठेवलं तर सफारी.

पण माझ्या मतावर जाऊ नका. एका रविवारी सातही जण शोरूमला जा. सासूबाईंना मागच्या दारातून चढायला लावा, उतरायला लावा, तेही साडी नेसून, हात धरायला कुणी नसताना. गुडघे दुखत असतील तर पायरीची उंची तिथेच कळते. मोठ्या मुलाला शेवटच्या रांगेत दहा मिनिटं बसवा आणि गुडघे छातीशी येतात का बघा. मधल्या रांगेत दोन सुट्या सीट असलेली सहा सीटची गाडी दाखवतील, ती दिसायला छान आणि मागे जायला सोपी, पण तुम्ही सात आहात आणि आता आठ होणार आहात. हायक्रॉस आठ सीटमध्येही येते, ते मुद्दाम विचारा. चाचणीची फेरी नुसत्या सपाट रस्त्यावर घेऊ नका, सगळ्यांना बसवून आणि एसी लावून एखाद्या चढावर न्या. खंबाटकी घाट चढताना गाडी सात जणांसहच चढणार आहे.

घरून निघण्याआधी फाटक मोजा. स्कॉर्पिओ-एनची रुंदी १,९१७ मिलिमीटर, म्हणजे आरसे सोडून ६ फूट साडेतीन इंच. लांबी ४,६६२, म्हणजे १५ फूट साडेतीन इंच. सफारी रुंदीला तिच्याहून किंचित जास्तच, हायक्रॉस अडीच इंचांहून थोडी जास्तच कमी. बोलेरो ह्या सगळ्यांपेक्षा अरुंद आहे, त्यामुळे ‘आपल्या फाटकातून गाडी जाते’ हा अंदाज नव्या गाडीला लागू पडत नाही. पत्र्याच्या शेडचा खांब कुठे येतो आणि दार पूर्ण उघडतं का, हेही बघा.

डिझेल घ्यायचं असेल तर एक गोष्ट कुणी सांगत नाही. आताच्या बीएस-६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. ती काजळी जळून साफ व्हायला इंजिन बऱ्यापैकी गरम होऊन गाडी काही वेळ सलग वेगाने चालावी लागते. रोज घर ते बाग तीन किलोमीटर आणि परत, एवढंच चालणं असेल तर जाळी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि शोरूमच्या फेऱ्या सुरू होतात. आठवड्यातून एकदा सांगली-पुण्याच्या बाजूला हायवेवर मोठी फेरी होत असेल तर डिझेल बिनधास्त घ्या. नसेल तर पेट्रोल. जुन्या बोलेरोच्या डिझेलला ही जाळी नसल्याने ह्यांच्या ते लक्षातही येणार नाही, म्हणून तुम्ही आठवण करा.

बुकिंगला येऊ. बुकिंगची रक्कम शोरूमच्या किंवा कंपनीच्या खात्यावर भरा, सेल्समनच्या फोनवर कधीच नाही. पावती तर घ्याच, पण कंपनीच्या सिस्टीममधला बुकिंग नंबर आणि कंपनीकडून आलेला मेसेज मागा. नुसती शोरूमच्या पावतीपुस्तकातली पावती म्हणजे कंपनीच्या रांगेत तुमचं नाव असेलच असं नाही. फॉर्मवर मॉडेल, इंजिन, गिअर, रंग पूर्ण लिहून घ्या आणि बुकिंग रद्द केलं तर किती पैसे, किती दिवसांत परत, हे त्यावरच लिहून घ्या. दोन वेगळ्या कंपन्यांच्या दोन गाड्या बुक करायला हरकत नाही, पण एकाच गाडीसाठी चार शोरूममध्ये नावं घालू नका. अशा दुहेरी-तिहेरी नावांनीच रांग फुगते आणि शेवटी पैसे परत मिळवायला फिरावं लागतं ते तुम्हालाच.

फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात एक अट असते : गाडी मिळेल त्या दिवशीची किंमत लागू. ती वाचा, कारण पाच महिन्यांत किंमत वाढू शकते आणि नवं रूपही येऊ शकतं. सफारीचं नवं रूप ऑक्टोबर २०२३ मध्ये आलं. अशा वेळी जुन्याचं बुकिंग नव्यावर वळतं का, आणि कुठल्या किमतीला, हे आधी विचारलेलं असलं की भांडण होत नाही. स्कॉर्पिओ-एनचं बुकिंग ३० जुलै २०२२ ला उघडलं तेव्हा सुरुवातीची किंमत फक्त पहिल्या २५,००० जणांना होती आणि ते २५,००० एका मिनिटात भरले. उलट बाजूही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी, जो अधिभार धरून ५० टक्क्यांपर्यंत जायचा, तो सरसकट ४० टक्के झाला आणि ज्यांची गाडी त्या दिवसानंतर आली त्यांना आपोआप फायदा झाला. त्यामुळे कोटेशनमध्ये कराची टक्केवारी वेगळी दाखवायला सांगा.

पूर्ण पैसे चासी नंबर, म्हणजे त्या एकाच गाडीवर कोरलेला नंबर, मिळाल्याशिवाय भरू नका. चासी नंबर आला की ती गाडी कुठल्या महिन्यात बनली ते लेखी मागा. डिसेंबरात बनलेली गाडी जानेवारीत पासिंग झाली तर विकताना खरेदीदार बनल्याचं वर्ष मोजतो आणि एक वर्ष जुनी धरतो. कर्जाची मंजुरी आधी घेऊन ठेवा, पण पैसे शोरूमला सोडायला बँकेला चासी नंबरनंतरच सांगा. पैसे सुटले त्या दिवसापासून व्याज चालू होतं, गाडी यार्डात असो की कारखान्यात. मंजुरीची मुदत संपत आली तर बँकेतून वाढवून घ्या. आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात शोरूमने घ्यायची नाही असा आयकराचा नियम आहे. सौद्यात बेदाण्याचे रोख पैसे आले असतील तर ते आधी बँकेत भरा, मग आरटीजीएस करा.

आता तुमच्या प्रायव्हेट लिमिटेडच्या नावाचं सांगते. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या २० लाखांवरच्या गाडीला पेट्रोल असेल तर १३ टक्के आणि डिझेल असेल तर १५ टक्के रोड टॅक्स लागतो. कंपनीच्या नावावर घेतली की सरसकट २० टक्के. साडेवीस लाख एक्स-शोरूमच्या (रोड टॅक्स आणि विमा सोडून) डिझेल गाडीला तुमच्या नावावर ३,०७,५०० रुपये, कंपनीच्या नावावर ४,१०,०००. एक लाख अडीच हजार जास्त, पहिल्याच दिवशी. त्यात अशा प्रवासी गाडीवरच्या जीएसटीची वजावट तुमच्यासारख्या व्यापाऱ्याला मिळत नाही. दरवर्षी १५ टक्के घसारा, म्हणजे गाडीच्या घटत्या किमतीची वजावट, मिळतो हे खरं, पण तो गाडी धंद्यासाठी वापरली तेवढ्यापुरता, आणि ही गाडी घरासाठी आहे. सीएला एकदा विचारा, पण ज्याने सुचवलं त्याने आकडा मांडलेला दिसत नाही. २० लाखांच्या आतलं मॉडेल चालत असेल तर दर एक टक्क्याने खाली येतो, तेही लक्षात ठेवा.

१० लाखांवरच्या गाडीवर शोरूम एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केलेला आयकर, घेतं. साडेवीस लाखांना २०,५०० रुपये. हा खर्च नाही, तुमच्या नावावर सरकारकडे जमा झालेले पैसे आहेत. पण शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून अनेक बागायतदार रिटर्न भरतच नाहीत आणि ती रक्कम तशीच पडून राहते. ज्याच्या नावावर गाडी, त्याने त्या वर्षीचं रिटर्न भरायचं आणि परतावा मागायचा.

कोटेशनमध्ये हँडलिंग चार्ज नावाची ओळ दिसली तर ती कशाची, हे लेखी विचारा. विचारलं की बऱ्याचदा ती गळून पडते. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे अशी सक्ती कुणी करू शकत नाही. टंचाईच्या दिवसांत ‘विमा आणि अ‍ॅक्सेसरीज आमच्याकडूनच, तरच गाडी’ असं ऐकवतात. तसं झालं तर १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार आता राहत्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे पुण्यात बुक केलेल्या गाडीसाठीही सांगलीतच. विम्यात मात्र आपल्या जिल्ह्यात एक गोष्ट हवीच, इंजिन प्रोटेक्ट. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. तुमचं गाव उंचावर असेल, पण गाडी सांगलीत कुणाच्या तरी दारात उभी असतेच. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करायचा प्रयत्न केला की इंजिनात पाणी ओढलं जाऊन आतले भाग वाकतात, आणि साध्या विम्यात ते नुकसान सहसा धरत नाहीत.

तरीही लवकर हवी असेल तर पंचांग उघडा. पितृपक्षात आपल्याकडे कुणी गाडी घरी आणत नाही. त्या पंधरवड्यात शोरूममध्ये येऊन पडलेल्या गाड्या दसऱ्याची वाट बघत उभ्या असतात, आणि कुणाचं कर्ज अडलं, कुणाचं मन फिरलं, तर मोकळी झालेली गाडी ह्याच दिवसांत सापडते. गाडीचं पासिंग तेव्हा करायला तुमच्या घरी चालत असेल तर उत्तम. चालत नसेल तर गाडी त्या दिवसांत ठरवा, चासी नंबर तुमच्या नावावर पक्का करून घ्या आणि घरी घटस्थापनेनंतर आणा. दर सोमवारी शोरूमला एक फोन, ‘कॅन्सलेशन काही आलं का’ एवढाच. फोन तुम्ही करा ताई, ह्यांना बागेतून वेळ मिळणार नाही. छाटणी तोंडावर आहे. आणि छाटणीचे पैसे औषधा-मजुरीलाच राहू द्या. बाग फुटली नाही तर गाडीचा हप्ता कशातून भरणार?

सेकंडहँडचा विचार कुणी मांडला तर तो वाईट नाही, दोन-तीन वर्षांची चांगली इनोव्हा टंचाईच्या दिवसांत शहाणपणाचा सौदा ठरू शकतो. पण सांगली-कोल्हापूरकडची गाडी असेल तर पुरात उभी होती का ते बघा. २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरातल्या गाड्या धुऊन-पुसून अजून फिरत आहेत. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. धुतलेल्या गाडीतही पट्ट्याच्या मुळाशी गाळाची पिवळट रेघ राहते. सीट पुढे सरकवून खालच्या रुळाचा गंज बघा, पायाखालचा गालिचा उचलून वास घ्या.

गाडी ताब्यात घ्यायला दिवसाउजेडी जा. चासी नंबर कागदावरचा आणि गाडीवरचा ताडून बघा, माहितीपत्रकातली प्रत्येक सोय चालू करून बघा. टंचाईत कंपन्या एखादी गोष्ट नंतर देऊ म्हणतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये टोयोटाने जपानमध्ये चिप पुरेना म्हणून दोनपैकी एकच स्मार्ट चावी आणि दुसरी साधी चावी दिली होती. तसं काही असेल तर काय राहिलंय आणि कधी देणार, हे शिक्क्यासह लिहून घ्या, मगच हार घाला.

बोलेरो ठेवायची ठरली तर २०२९ मध्ये तिला १५ वर्षं होतील, तेव्हा फेरनोंदणी करावी लागेल, तोवर ती बागेचं काम निमूट करेल. द्यायचीच असेल तर नवी गाडी दारात आल्यावर द्या. आज जमा केली तरी भाव पक्का होत नाही, एक्स्चेंज बोनस गाडी मिळते त्या महिन्यात जो असेल तोच लागतो, आणि मधले महिने तुम्ही गाडीवाचून राहता, तेही ऐन छाटणीत आणि लग्नाच्या धावपळीत. देताना मालकाचं नाव बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून त्यांच्या झेरॉक्स ठेवा आणि नाव बदललेलं आरसी दिसेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. तोवर त्या गाडीचा दंड, अपघात, सगळं तुमच्याच नावावर येतं.